स्पोर्ट्स कारला नवे टायर घालूनही पकड मिळत नाही किंवा टायर लवकर संपतात: तपासणीचा क्रम आणि परवडणारा टायर निवडण्याची रीत

लक्षणे

तक्रार साधारण अशी येते. स्पोर्ट्स कारला परवडणाऱ्या किमतीचे परफॉर्मन्स टायर घातले, रबर नवे, नक्षी खोल, आणि तरीही गाडी रस्ता धरत नाही. किंवा काही महिने छान धरते आणि मग टायर अपेक्षेच्या निम्म्या अंतरातच संपतात. मालकाचा निष्कर्ष ठरलेला असतो: स्वस्तातले घेतले म्हणून असे झाले. पुढचा सेट महागातला येतो आणि त्याचीही आतली कड तशीच खाल्ली जाते. हा प्रकार मी इतक्या गाड्यांवर निस्तरला आहे, की आता कुणी नव्या टायरबद्दल सल्ला मागितला तर आधी जुने टायर दाखवायला सांगतो.

खालीलपैकी एक किंवा अनेक गोष्टी दिसत असतील, तर ही तपासणी तुमच्या कामाची आहे:

– वळणात गाडीचे नाक बाहेर जाते आणि स्टीअरिंग पूर्वीपेक्षा जास्त फिरवावे लागते.
– ओल्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मागची चाके सुटतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा वारंवार लुकलुकतो.
– थंड सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी निसरडी वाटते, मग ठीक होते.
– बाहेरून टायर नवा दिसतो, पण आतल्या कडेचा गोटा झालेला असतो.
– ठराविक वेगाला स्टीअरिंग किंवा सीट थरथरते.
– सपाट, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते.
– टायरचा घोंघाट महिन्यामहिन्याला वाढत जातो.

पुढचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चिक कामाकडे जातो. एक पायरी गाळून पुढे गेलात, तर पुढच्या पायरीचे उत्तर फसवे येते. हवा कमी असलेल्या गाडीचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, मोजून उपयोग नसतो, कारण गाडीची उंचीच चुकीची असते.

आधी हात आणि टॉर्च

स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी बंद करा आणि पुढच्या टायरची आतली कड टॉर्चने पाहा. मागच्या टायरसाठी जमिनीवर झोपावे लागेल, पण ते टाळू नका. स्पोर्ट्स कारमध्ये खरी बातमी बहुतेक वेळा मागच्या टायरच्या आतल्या कडेला असते, आणि उभ्याने ती कधीच दिसत नाही.

झीज कुठे झाली आहे यावरून कारण बरेचसे कळते. मधला पट्टा जास्त झिजला असेल, तर हवा सतत जास्त होती. दोन्ही कडा झिजून मध्य शिल्लक असेल, तर हवा कमी होती. फक्त आतली कड गेली असेल, तर संशय टो आणि कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या दिशेच्या आणि कलाच्या कोनांवर (पुढे ‘अलाइनमेंट’मध्ये नीट सांगितले आहे). टायरच्या घेरावर थोड्याथोड्या अंतराने खळगे पडले असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकले आहेत किंवा चाक बराच काळ बॅलन्सशिवाय फिरले आहे. एकाच जागी सपाट चट्टा असेल, तर कधीतरी जोराच्या ब्रेकने चाक जाम होऊन घासले आहे.

आता तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने टोचरे लागत असेल, तर टो बिघडलेला आहे. ही खूण डोळ्यांना दिसण्याच्या खूप आधी हाताला लागते, म्हणून मी ती सगळ्यांना शिकवतो. तार उघडी पडली असेल तर बोट कापते, तेव्हा आधी पाहा आणि मगच हात फिरवा.

तार दिसत असेल, साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) फुगा आला असेल किंवा दोरे दिसतील इतका खोल काप असेल, तर तपासणी इथेच थांबवा. त्या टायरवर गाडी हळूसुद्धा चालवायची नाही. स्पेअर घाला किंवा गाडी उचलून न्या. फुगा म्हणजे आतले धागे तुटले आहेत आणि हवा आता फक्त रबराने धरली आहे. त्याला दुरुस्ती नाही.

हवा, आणि तीही थंड टायरची

गाडी किमान तीन तास उभी असावी. मोजण्यासाठी स्वतःचा गेज घ्या, कारण सार्वजनिक पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत आणि तुम्हाला दर वेळी एकाच मापाने मोजायचे आहे. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. टायरच्या साइडवॉलवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तो तुमच्या गाडीसाठी नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, आणि ज्या गाडीचे इंजिन मागे आहे तिथे हा फरक बराच मोठा असतो. चारही चाकांत सरसकट एकच आकडा भरून घेणे हे नाक बाहेर जाण्याचे किंवा शेपूट सुटण्याचे सगळ्यात स्वस्त कारण आहे.

तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सिअसने उतरले, की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (हवेच्या दाबाचे माप) कमी होते. म्हणजे उन्हाळ्यात ३४ भरलेला टायर वीस-बावीस अंशांनी थंड झालेल्या सकाळी ३० वर येतो, कुठेही गळती नसताना. उलट जोरात चालवल्यावर दाब ४ ते ६ पीएसआयने सहज चढतो. गरम टायर मोजून ‘जास्त झाली’ म्हणत हवा सोडणारे पुष्कळ आहेत. तो टायर थंड झाल्यावर कमी हवेचा होतो आणि पुढे त्याच्या कडा झिजतात.

ओल्या रस्त्यावर याचा परिणाम जास्त गंभीर आहे. साठलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो, हे दाबाच्या वर्गमुळाशी जोडलेले आहे. १९६० च्या दशकात नासामध्ये विमानांच्या टायरवर झालेल्या प्रयोगांतून हे सूत्र निघाले. त्याने हिशेब केला, तर ३२ पीएसआयला सुमारे ९४ किमी ताशी आणि २४ पीएसआयला सुमारे ८२ किमी ताशी येतात. पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त साठले असेल किंवा टायर गुळगुळीत असेल, त्या अवस्थेसाठीचे हे आकडे आहेत. चांगल्या नक्षीचा टायर याहून वर टिकतो, पण दाब उतरला की ही सीमा खाली येते, हे प्रत्येक टायरला लागू आहे. स्पोर्ट्स कारचे रुंद टायर मुळातच पाण्यावर लवकर चढतात, म्हणून त्यांना कमी हवा परवडत नाही.

हवा दुरुस्त करून दोन-तीन दिवस गाडी चालवा. बऱ्याच तक्रारी इथेच संपतात आणि पुढचा खर्च वाचतो.

साइडवॉल वाचा

हेही फुकटचे काम आहे. कागद-पेन घेऊन चारही टायरवरचे लिहून काढा. एकच टायर पाहून बाकीचे गृहीत धरू नका.

पहिले, माप. २२५/४० आर १८ याचा अर्थ रुंदी २२५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची. यावरून पूर्ण व्यास काढता येतो: १८ ला २५.४ ने गुणून ४५७.२, त्यात दोन बाजूंचे ९० मिळून १८०, म्हणजे ६३७.२ मिमी. मागे २५५/३५ आर १८ असेल तर ६३५.७. म्हणजे पुढचे-मागचे टायर रुंदीला वेगळे असूनही व्यासाला जवळजवळ सारखे आहेत, आणि एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल याच गृहीतकावर चालतात. कुणी मागे ‘जरा भरदार दिसावे’ म्हणून २५५/४० घातले, तर व्यास ६६१.२ होतो. मग चाकांच्या वेगात कायमचा फरक राहतो आणि संगणकाला कुठलेतरी चाक घसरतेय असे वाटत राहते. विनाकारण लुकलुकणाऱ्या दिव्याचे हे नेहमीचे कारण.

दुसरे, मापाच्या पुढचा आकडा आणि अक्षर, उदाहरणार्थ ९१ डब्ल्यू. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो. अक्षर वेगाचे: एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किमी ताशी. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या भारापेक्षा किंवा वेगापेक्षा खालचा टायर घ्यायचा नाही, किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी. तुम्ही तेवढ्या वेगाने कधीच जात नसाल, पण वरच्या अक्षराच्या टायरचा सांगाडा सहसा जास्त ताठ असतो आणि तुमच्या सस्पेन्शनची मांडणी तो ताठपणा धरूनच झालेली असते.

तिसरे, जन्मतारीख. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. ही ओळ पूर्ण स्वरूपात टायरच्या एकाच बाजूला असू शकते, आणि ती बाजू नेमकी आत बसलेली असेल तर पुन्हा टॉर्च घेऊन खाली जावे लागते. परफॉर्मन्स टायरमध्ये मऊ रबरासाठी जी तेले आणि रेझिन असतात, ती वयाने आणि उष्णतेने निघून जातात आणि रबर कडक होते. नक्षी पूर्ण दिसते, पकड मात्र गेलेली असते. सवलतीत मिळालेला ‘नवा’ टायर दुकानात पाच वर्षे पडून होता, हे मी वारंवार पाहिले आहे.

चौथे, बसवण्याची दिशा. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच हवी. बाण असेल तर चाक पुढे जाताना त्याच दिशेने फिरायला हवे. बाण उलटा बसला तर नक्षीतले पाणी बाहेर फेकले जाण्याऐवजी मध्याकडे ओढले जाते. आत-बाहेर बाजू उलटी बसली तर वळणात भार घेणारे मोठे ठोकळे आत जातात. अशी चूक टायरच्या दुकानात विनामूल्य दुरुस्त करून मागा, तो तुमचा हक्क आहे.

थंडी, नवेपणा आणि चुकीच्या जातीचा टायर

उन्हाळी परफॉर्मन्स टायर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली आपले काम सोडू लागतो. त्याचे रबर गरम असताना चिकट राहावे असे मिसळलेले असते, थंडीत ते प्लॅस्टिकसारखे कडक होते. सकाळी निसरडी आणि दुपारी उत्तम अशी गाडी असेल, तर बिघाड काहीच नाही, हवामानाला टायर जुळत नाही एवढेच. शून्याच्या खाली तर असे टायर चालवू तर नयेच, गोठलेल्या अवस्थेत हलवूही नयेत, कारण नक्षीच्या ठोकळ्यांना चिरा जाऊ शकतात. जिथे हिवाळा खरोखर कडक असतो, तिथे हिवाळी टायरचा वेगळा सेट हाच स्वस्त मार्ग ठरतो. दोन्ही सेट आलटून पालटून वापरले जातात आणि दोन्ही जास्त वर्षे पुरतात.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठीचा पातळ थर असतो. तो निघून जाईपर्यंत, म्हणजे सुरुवातीचे काही शे किलोमीटर, पकड पूर्ण मिळत नाही. त्या काळात ब्रेकला जास्त अंतर ठेवा आणि निकाल देऊ नका.

जातीबद्दल एक गोष्ट विशेष सांगायची आहे. ट्रॅकवर चालणारा २०० ट्रेडवेअरचा (टायरवर छापलेला झिजेचा आकडा, जितका मोठा तितका टायर जास्त टिकणारा) टायर रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर घालणारे लोक पकड विकत घेतली असे समजतात. तो टायर गरम झाल्याशिवाय बोलत नाही, आणि शहरातल्या वेगात तो गरम होतच नाही. वर त्याची नक्षी उथळ असते, त्यामुळे पावसात तो साध्या टायरपेक्षाही लवकर तरंगतो.

चारही चाके एकमेकांशी जुळतात का

पुढे एका कंपनीचे, मागे दुसऱ्या कंपनीचे. किंवा एकाच कंपनीचे, पण पुढे नवे आणि मागे झिजलेले. दोन टोकांची पकड वेगळी झाली, की गाडी वळणात अंदाज देत नाही. मागची पकड पुढच्यापेक्षा कमी असणे जास्त धोक्याचे, कारण शेपूट सुटल्यावर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणूनच चारही चाके एका मापाची असतील आणि दोनच टायर नवे घेणार असाल, तर नवे मागे घालायचे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. हे ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही, पण ओल्या रस्त्यावर एकदा उलटा प्रकार अनुभवला की शंका राहत नाही.

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर नियम आणखी कडक आहे. तिथे टायरच्या घेरातला फरक गिअरच्या यंत्रणेवर सतत ताण आणतो. सुबारू आपल्या गाड्यांसाठी घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. घेरात ६ मिमी म्हणजे नक्षीच्या खोलीत जेमतेम १ मिमी. एक टायर फाटला आणि बाकीचे तीन अर्धे झिजलेले असतील, तर अशा गाडीत एकच नवा घेणे ही बचत नाही.

बॅलन्स आणि रिम

इथून पुढे पैसे लागतात, पण अजून थोडेच. साधारण ८० ते ११० किमी ताशीच्या पट्ट्यात थरथर येऊन पुढे कमी होत असेल, तर बॅलन्सिंग करून घ्या. स्टीअरिंग थरथरले तर पुढची चाके, सीट थरथरली तर मागची, असा ढोबळ अंदाज चालतो. गाडी बरेच दिवस उभी होती आणि थरथर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर जात असेल, तर टायर तात्पुरता एका बाजूने चपटा झाला होता, काही करायची गरज नाही.

बॅलन्स करूनही थरथर राहिली तर दोन गोष्टी पाहायला सांगा. बाजारातले अलॉय असतील, तर मधले छिद्र हबपेक्षा मोठे असते आणि मध्ये एक रिंग लागते. ती रिंग नसली की चाक नटांच्या भरवशावर किंचित बाजूला बसते. आणि बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरत असताना रिमच्या कडेकडे नीट पाहा. कमी उंचीच्या साइडवॉलमागे खड्ड्याचा धक्का थेट रिमला बसतो, आणि वाकलेल्या रिमला कितीही वजने चिकटवली तरी ती गोल होत नाही. ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल, तर टायरचा पिच्छा सोडा आणि ब्रेकची डिस्क तपासून घ्या.

अलाइनमेंट

परवडणारे टायर ‘टिकत नाहीत’ या तक्रारीचे मूळ मला सगळ्यात जास्त वेळा इथे सापडले आहे. दोन शब्द समजून घ्या. समोरून पाहताना चाक वरच्या बाजूने आत कललेले असेल तर तो निगेटिव्ह कॅम्बर. वरून पाहताना चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असतील तर तो टो. स्पोर्ट्स कारला थोडा निगेटिव्ह कॅम्बर कंपनीतूनच दिलेला असतो, कारण वळणात गाडी झुकल्यावर टायर सपाट बसावा. लोक आतली कड झिजलेली पाहून दोष कॅम्बरला देतात. पण नुसता कॅम्बर टायर सावकाश झिजवतो. टो बिघडला की तोच टायर झपाट्याने जातो.

कारण साध्या हिशेबात आहे. चाक प्रवासाच्या दिशेपासून एक अंश वळलेले असेल, तर प्रत्येक किलोमीटरला ते सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासले जाते. पाव अंश म्हणजे साधारण ४.४ मीटर, आणि पाव अंश डोळ्याला दिसतही नाही. खोडरबर कागदावर जरा तिरके धरून ओढत राहावे, तसे हजारो किलोमीटर चालते. त्यात निगेटिव्ह कॅम्बर असला, की सगळी घासाघीस आतल्या चार बोटांच्या पट्टीत एकवटते. त्यावर मऊ रबर. अशा गाडीला जगातला कुठलाही टायर पुरणार नाही.

अलाइनमेंट करताना माझा आग्रह तीन गोष्टींचा असतो. काम चारही चाकांचे व्हावे, फक्त पुढचे नाही. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद हातात मिळावा. आणि ‘हिरव्यात आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. हिरवा पट्टा रुंद असतो, आणि डावे चाक पट्ट्याच्या एका टोकाला व उजवे दुसऱ्या टोकाला असले तरी मशीन दोन्ही हिरवेच दाखवते. दोन्ही बाजूंचे टो एकमेकांशी जुळलेले हवेत, तरच गाडी सरळ चालते. इंधनाची टाकी साधारण अर्धी ठेवा. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवलेली असेल, तर ते आधीच सांगा, कारण उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. गाडी खाली बसवून अलाइनमेंट न करणे हे टायर संपवण्याचे ठरलेले कारण आहे.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

अलाइनमेंट करणारा ‘आकडा जागेवर येत नाही’ म्हणाला, तर चाक धरणारा कुठला तरी आर्म (दांडा) वाकलेला आहे किंवा त्याच्या सांध्यातले रबरी बुश संपले आहेत. आकडा जागेवर येतो, पण महिन्याभरात पुन्हा हलतो, तरी तेच. बुशचे रबर थकले, की गाडी उभी असताना टो बरोबर दिसतो आणि ब्रेक किंवा ताकद लागताच चाक स्वतःच वळते. मशीन उभी गाडी मोजते, म्हणून हा दोष तिथे सापडत नाही. तो आर्मला पहारीने ताण देऊनच कळतो.

हे काम घरी करू नका. बॉल जॉइंट, कंट्रोल आर्म, व्हील बेअरिंग सैल असतील तर चाक निखळण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते, आणि स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद जबर इजा करते. स्टीअरिंगमध्ये मोकळी हालचाल लागत असेल, वळणात कण्हल्यासारखा आवाज एका बाजूने वाढत असेल किंवा ब्रेक मारताना गाडी झटक्याने एका बाजूला जात असेल, तर सस्पेन्शन जाणणाऱ्या मेकॅनिककडे गाडी न्या आणि तोवर नवे टायर विकत घेऊ नका. टायर फक्त नक्षीच्या भागात आणि ६ मिमीपर्यंतच्या छिद्रालाच दुरुस्त होतो, तोही रिमवरून उतरवून आतून पाहिल्यावर. साइडवॉलच्या किंवा खांद्याच्या छिद्राला कुणी पॅच लावून देत असेल, तर नको म्हणा.

आता नवा टायर

गाडी ठीक झाली आणि टायर खरेच संपलेत असे ठरले, तर निवड अवघड नाही. आधी जात ठरवा, मग माप, मग कंपनी. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात.

रोजचा वापर, पाऊस, अधूनमधून मोकळा घाटरस्ता असा वापर असेल, तर ३०० ते ३४० ट्रेडवेअरच्या आसपासचे उन्हाळी टायर हा योग्य पट्टा आहे. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस वर ३०० छापलेले असते, कॉन्टिनेन्टलच्या एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ वर ३४०, आणि बरेच स्वस्त असलेल्या फायरस्टोन फायरहॉक इंडी ५०० वरही ३४०. ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस २०० चा आहे, तो ट्रॅकच्या दिवसांसाठी ठेवा.

पण या आकड्यावर आंधळा विश्वास नको. ही अमेरिकेची पद्धत आहे. टेक्सासमधल्या ठरावीक सार्वजनिक रस्त्यांवर सुमारे ११,६०० किमी टायर चालवून झीज एका प्रमाण टायरशी ताडतात, आणि अंतिम आकडा कंपनी स्वतः ठरवून छापते. म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना चालते, दोन कंपन्यांची ढोबळच. शेजारी छापलेले ‘ट्रॅक्शन एए’ किंवा ‘ए’ हे तर फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारण्याबद्दल आहे, वळणातल्या पकडीबद्दल ते काहीच सांगत नाही. युरोपीय लेबल असेल तर त्यावरची ओल्या रस्त्याची श्रेणी पाहा, ए ते ई अशी असते. परवडणारा टायर घेताना मी कोरड्या पकडीत, आवाजात, स्टीअरिंगच्या तिखटपणात तडजोड करतो. ओल्या ब्रेकमध्ये नाही.

पैसे वाचवण्याच्या खऱ्या जागा वेगळ्या आहेत. मोठ्या कंपन्यांच्या दुय्यम नावांकडे पाहा: फायरस्टोन १९८८ पासून ब्रिजस्टोनकडे आहे, जनरल टायर कॉन्टिनेन्टलकडे, बीएफगुडरिच मिशेलिनकडे. नवी पिढी बाजारात आली की मागच्या पिढीचा टायर उतरत्या किमतीला मिळतो आणि तोही उत्तमच असतो, फक्त तारीख वाचून घ्या. गाडीला कंपनीकडूनच लहान रिमचा पर्याय असेल तर तो वापरा. टोयोटा जीआर८६ ही २१५/४५ आर १७ आणि २१५/४० आर १८ अशा दोन्ही मापांत येते, व्यासात फरक जेमतेम ४ मिमी. सतरा इंची टायर सहसा स्वस्त पडतो आणि खड्ड्यात रिमही वाचवतो. चारही चाके एकाच मापाची ठेवणे गाडीला मान्य असेल तर तेही करा, कारण मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे फिरवता येतात आणि संपूर्ण सेट एकत्र संपतो. मागे रुंद टायर असलेल्या गाडीत ही सोय नसते.

हिशेब किमतीचा करू नका, किमतीला अपेक्षित किलोमीटरने भागा. तीन चतुर्थांश किमतीचा टायर निम्मे अंतर टिकला, तर प्रत्येक किलोमीटर दीडपट महाग पडला. आणि वापरलेले टायर, ज्यांचा इतिहास कुणालाच माहीत नाही, स्पोर्ट्स कारला लावू नका.

बसवून झाल्यावर नट टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याला आवळून घ्या आणि साधारण शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. त्याच दिवशी नक्षीची खोली प्रत्येक टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन जागी मोजून लिहून ठेवा. नवा टायर ७-८ मिमीच्या आसपास असतो, अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी आहे, पण ३ मिमीच्या खाली पावसातली पकड इतकी घसरते की मी तिथेच बदलायला सांगतो. दर दोन-तीन हजार किलोमीटरला पुन्हा मोजा. आतल्या आणि बाहेरच्या खोलीत १ मिमीचा फरक दिसला, की टायर अजून वाचवता येण्यासारखा असतानाच गाडी अलाइनमेंटला न्या.